खलाटीतली जत्रा

बोर्ली पंचतनहून दोन कोसांवर, डोंगराच्या पोटाशी आडशेत नावाचं शंभरेक उंबऱ्यांचं गाव होतं. शिवदास गुरव तिथल्या जाखमातेचा पुजारी. रोज सकाळी देवीला पाणी घालायचं, फुलं वाहायची, येईल त्याच्या हातावर तीर्थाची पळी सोडायची आणि गावावर काही संकट आलं की देवीला कौल लावायचा, हे त्याचं काम. त्याच्या बापानं हेच केलं, आजानं हेच. शिवदास अंगानं किरकोळ, बोलायला हळू. समोरून कुणी आलं तर वाटेच्या कडेला सरकून उभा राहणारा. लोक म्हणायचे, गुरव देवीला फार घाबरतो. तसं नव्हतं. तो घाबरायचा ते स्वतःच्या हाताला.

त्याला कारण घडलं होतं. एकोणीसशे अठरा साली मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची साथ आली, तेव्हा दसऱ्याला गावानं ठरवलं की देवीची पालखी घराघरांत न्यायची. देवी आत आली की रोग बाहेर पळेल. शिवदासचा बाप पालखीपुढं चालला, थोरल्या भावानं दांडीला खांदा दिला आणि तीर्थाचा गडू शिवदासच्या हातात आला. पालखी थेट आजाऱ्याच्या अंथरुणाशी टेकायची. मागून चाळीस-पन्नास माणसं त्याच खोलीत शिरायची. शिवदास एकाच पळीनं सगळ्यांना तीर्थ द्यायचा. ज्याला हात पुढं करायचीही ताकद नसे, त्याच्या ओठाला पळी लावायचा.

पंधरा दिवसांत गावातली एकेचाळीस माणसं गेली. बाप गेला, भाऊ गेला. लोक म्हणाले, साऱ्या मुलखात मेली, तशी आपल्याकडं मेली. पण शिवदासला एक गोष्ट दिसली होती. पालखी ज्या वाडीत पहिल्या दिवशी गेली तिथली माणसं आधी पडली, दुसऱ्या दिवशी गेली तिथली नंतर. वर सड्यावर, डोंगराच्या सपाट माथ्यावर, चार घरं होती. भोई थकले म्हणून पालखी तिथं चढलीच नव्हती. त्या चार घरांत कुणी मेलं नाही.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

दहा वर्षं गेली. अठ्ठावीस सालच्या फाल्गुनात पटकी आली. आधी खाडीपलीकडे, मग बोर्लीच्या बाजूच्या वाड्यांतून. सकाळी शेतावर गेलेला माणूस दुपारी हगवणीनं आणि वांत्यांनी गळून जायचा आणि दिवस मावळायच्या आत त्याला उचलायची वेळ यायची. आडशेतात अजून कुणाला लागण झाली नव्हती. पण चैत्री पुनवेला जाखमातेची जत्रा होती आणि ती पंधरा दिवसांवर आली होती.

तालुक्याहून औषधवाला आला. गावच्या विहिरीत त्यानं लाल औषध टाकलं. पाणी जांभळट गुलाबी झालं, तसं बायांनी रिकामे हंडे घेऊन घर गाठलं. विहीर बाटली, असा बोभाटा झाला. औषधवाला देवळाच्या पायरीवर बसून शिवदासला म्हणाला, "रोग पाण्यातून जातो, हातातून जातो. पाणी उकळून प्या. आणि यंदा जत्रा बंद ठेवा. दहा गावची माणसं एका पाण्यावर आली की संपलंच."

शिवदासनं मान हलवली. औषधवाला गेल्यावर त्यानं विहिरीतून एक कळशी काढली आणि चार माणसांदेखत ते गुलाबी पाणी तो प्यायला. दुसऱ्या दिवशी तो धडधाकट दिसला, तेव्हा हळूहळू हंडे परत विहिरीवर आले.

पण जत्रा बंद करणं गुरवाच्या हाती नव्हतं. गाव सभामंडपात जमलं. रावजी पाटील पुढं बसले होते. पाटलांचं घर मानाचं. जत्रेला पालखी पहिली त्यांच्या अंगणात टेकायची. मानमोडीत त्यांची बायको आणि धाकटा मुलगा गेला होता, तरी ते म्हणाले, "आई रुसली म्हणूनच रोग आलाय. अशात तिची जत्रा बंद करायची? कौल लावा. आई सांगंल तसं."

कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी किती ओली केली की किती वेळ टिकते, हे शिवदासच्या बोटांना चांगलं ठाऊक होतं. बाप मरताना त्याला म्हणाला होता, "कौलात हात घालू नको. एकदा घातलास की पुना तुझा तुलाच इश्वास ऱ्हानार न्हाय."

गाभाऱ्यात तो एकटा होता. दाराबाहेर गाव श्वास धरून उभं होतं. त्यानं उजवी पाकळी चांगली भिजवून लावली. डावी जेमतेम ओली केली. क्षणभरात ती पडली असती, जत्रा बंद झाली असती आणि कुणाला कधी कळलं नसतं. त्याला बापाचा चेहरा आठवला, मग ती पळी आठवली, आणि दोन्हींतलं कुठलं जास्त भारी ते त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं दोन्ही पाकळ्या काढल्या, देवीचे खांदे पुसले आणि दोन नव्या पाकळ्या सारख्या ओल्या करून लावल्या.

उजवी पडली. लगेच.

बाहेर गजर झाला. शिवदास दारात आला तो पांढराफटक. लोकांना वाटलं, अंगात वारं आलं.

"आईनं जत्रा मागितलीय," तो म्हणाला. "पन तिनं जेवन मागितलं न्हाय. घराघरांत फिरवा म्हनून मागितलं न्हाय. जत्रा व्हईल, पन मी सांगतो तशी."

रावजी पाटलांनी मान वर केली. "म्हंजी कशी?"

तेव्हा शिवदासनं दहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली. कुठली वाडी आधी, कुठली नंतर, सड्यावरची चार घरं. त्यानं एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेतलं. पाटलांच्या बायकोचं नाव आलं तिथं तो थांबला, पण ते घेतलंच. "पळी माज्या हातात व्हती पाटील. वयनींच्या ओठाला मीच लावली."

पाटील खांबाकडं बघू लागले. त्यांना राग आला होता की रडू, ते कुणाला कळलं नाही. मग ते जड आवाजात म्हणाले, "काय करायचं ते सांग. पन एक सांगतो, गुरवा. बाहेरचं मानूस शिवेच्या आत नको म्हनशील, तर तुज्या घरचं मानूस आलं तरी आत यायचं न्हाय. न्हायतर पालखी माज्या दारात येनार आन बसनार."

"व्हय," शिवदास म्हणाला.

पुढचे दिवस त्याला ना भूक ना झोप. देऊळ म्हणजे एक काळोखी खोली. तिथं माणसं गोळा करायची नाहीत, असं त्यानं ठरवलं. भात कापून मोकळी झालेली गावाखालची खलाटी त्यानं जत्रेसाठी धरली. वारा थेट समुद्राकडून यायचा. तिथं त्यानं घरटी एक अशी राखेची रिंगणं आखली. एका रिंगणातून दुसऱ्यात हात पोचणार नाही इतकी लांब. प्रत्येकानं आपला नारळ आपण आणायचा, आपण फोडायचा, आपल्याच घरी न्यायचा. भंडारा नाही. तीर्थ देवळाच्या तळीतलं नाही, विहिरीचं उकळलेलं, आणि तेही पळीनं नाही. प्रत्येकानं घरून द्रोण आणायचा आणि शिवदासनं वरून धार सोडायची. पटकी नेमकी कशानं पसरते ते त्याला नीट कळलं नव्हतं. मानमोडीची भीती आणि पटकीची भीती त्याच्या मनात एक झाली होती, म्हणून तो दोन्हींचा बंदोबस्त करत होता. शिवेवरच्या आंब्याखाली त्यानं एक खोपटं उभारलं. बाहेरून कुणी आलंच तर त्यानं सात दिवस तिथं राहायचं. सरपण ठेवलं, मडकी ठेवली, तांदूळ आणि मीठ ठेवलं.

"कोन येनार हाय तिथं?" त्याची बायको सोनूबाई म्हणाली. "आसपासच्या गावांना तर तुमी निरोप धाडलाय, येऊ नका म्हनून."

पुनवेच्या सकाळी त्याची लेक राही आली.

राहीला बोर्लीच्या पलीकडच्या वाडीत दिली होती. नवरा मुंबईला गिरणीत. ती सहा महिन्यांची पोर पोटाशी बांधून उन्हातून चालत आली होती. शिवेवर दोन माणसं राखणीला होती, त्यांनी तिला अडवलं आणि गुरवाला बोलावणं धाडलं. शिवदास आला आणि त्याच्यामागून रावजी पाटीलही येऊन उभे राहिले.

"आबा, सासू गेली," राही लांबूनच म्हणाली. "दीर गेला. वाडीत कोन उरलं न्हाय. मी चालत आले." ती पुढं झाली.

"थांब, बाय," शिवदास म्हणाला. "तितंच थांब."

"म्हंजी?"

"सात दिस त्या खोपटात ऱ्हायचं. सगळं ठेवलंय तिथं. तुला काय झालं न्हाय, तर मंग घरी."

राहीला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा बदलला. "आबा, मी काय परकी हाय? पोरीकडं तरी बघा! आबा!"

शिवदासनं पाटलांकडं बघितलं. पाटील बघत नव्हते. त्यांनी तोंड फिरवलं होतं, आणि कदाचित त्यांनी त्या क्षणी 'घे आत' म्हटलं असतं. पण शिवदासनं विचारलं नाही. विचारलं असतं तर पाटील हो म्हणाले असते, याचीच त्याला भीती वाटली.

सोनूबाई धावत आली. नवऱ्याला ती एक शब्द बोलली नाही. पदर खोचून ती शीव ओलांडून गेली आणि लेकीच्या हातातून तिनं पोर घेतली. आता तिलाही सात दिवस परत येता येणार नव्हतं, हे तिला माहीत होतं.

शिवदास खलाटीकडं वळला. जत्रा करायची होती.

पालखी उघड्यावर, बांधाच्या उंचवट्यावर ठेवली होती. राखेच्या रिंगणांतून गाव उभं होतं. एरवीच्या जत्रेतली चेंगराचेंगर नाही, खांद्याला खांदा नाही. ढोल वाजत होते, पण लोक कावरेबावरे झाले होते, जणू कुणी त्यांना एकेकटं करून उभं केलंय. शिवदासची नजर देवीवर ठरेना. कुणाचं पोर रिंगणाबाहेर गेलं, कोण कुणाच्या कानाशी लागलं, कुणी कुणाला खोबऱ्याचा तुकडा दिला, एवढंच तो बघत होता. एकेक जण पुढं येई, लांबून हात जोडी, द्रोण धरी. धार सोडतानाही तो गर्दीकडंच बघे आणि अर्धं पाणी जमिनीवर पडे.

मग तो गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. "आई जाखमाते, आज तुजी लेकरं हितं उघड्यावर उभी हाईत..."

"व्हय महाराजा!" साऱ्या खलाटीतून आवाज आला. लांब लांब उभ्या माणसांचा आवाज एकत्र यायला वेळ लागला, त्यामुळं तो एकदा उठला आणि पुन्हा मागून उठला.

"दारात आली न्हायस म्हनून कुनाचा मान गेला असं धरू नको. चुकलंमाकलं माज्या एकट्याच्या पदरात घाल. आन ही इडापिडा खाडीपार कर."

"व्हय महाराजा!"

गजर निवायच्या आत त्याला बांधावरून ठमाबाई खाली जाताना दिसली. ऐंशीच्या घरातली एकटी म्हातारी. द्रोणातलं उकळलेलं पाणी तिनं तसंच ठेवलं होतं. देवळाच्या तळीवर जाऊन तिनं ओंजळीनं पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि प्यायली. शिवदास ओरडत धावला. "म्हातारे, थुक ते!"

ठमाबाई शांतपणे म्हणाली, "शिजवलेलं तीर्थ मला नको रे बाबा. मी जन्मभर हेच प्यालेय."

त्या तळीवर रोज साऱ्या वाडीची गुरं यायची, लांबून येणारे वाटसरू पाय धुवायचे. तळी राखायला शिवदासकडे माणूस उरला नव्हता. राखणीची दोन्ही माणसं शिवेवर होती.

जत्रा पार पडली. माणसं आपापले नारळ घेऊन घरी गेली. कुणी खूश नव्हतं. शिवदास मात्र त्या दिवसापासून सकाळी उठला की आधी कान द्यायचा, कुठल्या वाडीतून रडणं ऐकू येतंय का.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाक आली ती शिवेवरून. सोनूबाई ओरडत होती. राहीला पटकी लागली होती.

शिवदास देवळात होता. त्यानं हातातलं फुलांचं तबक खाली ठेवलं, गाभाऱ्याला कुलूप घातलं आणि पाटलांच्या अंगणात जाऊन चावी जोत्यावर ठेवली.

"पाटील, मी शिवेपार चाललो. आता मला देवीला हात लावता यायचा न्हाय."

"मंग पूजा कोन करनार?" पाटील उठून उभे राहिले. "आई उपाशी ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल."

आडशेतच्या आठवणीत देवी कधी बिनपूजेची राहिली नव्हती. त्या बोलण्यानं गावात जी कुजबुज उठली ती पुढं कित्येक वर्षं पुरी थांबली नाही. काही जण म्हणाले, ज्यानं गावाला नियम घातले त्यानंच देवी टाकली.

खोपटात राही ओळखू येत नव्हती. डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली होती. सोनूबाई पोरीला घेऊन आंब्याच्या पलीकडल्या बाजूला बसली आणि लेकीचं सगळं शिवदासनं केलं. औषध काही नव्हतं. तांदळाची पातळ पेज करून त्यात मीठ घालायचं आणि चमचा चमचा पाजत राहायचं, एवढंच त्याला सुचलं. ती ओकायची, तो पुसायचा, राखेनं हात घासायचा, पुन्हा चमचा. मळलेली धडुती तो लांब खड्ड्यात जाळायचा. राही शुद्धीत यायची तेव्हा बापाकडं बघायची नाही.

तिसऱ्या दिवशी रावजी पाटील शिवेवर आले. डोक्यावर स्वतः हंडा घेऊन. हंडा त्यांनी दगडावर ठेवला आणि मागं सरून म्हणाले, "उकळलंय. माज्या चुलीवर." मग म्हणाले, "ठमाबाई काल गेली. आनखी कोन न्हाय अजून."

शिवदासनं विचारलं, "तळीचं पानी?"

"कोनास ठाऊक. वयबी झालं व्हतं." पाटलांना अजून काहीतरी बोलायचं होतं. पण त्यांनी फक्त विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"पेज पोटात ठरतेय सकाळपासनं."

त्यानंतर पाटील रोज हंडा ठेवून जात. ठमाबाईनंतर आडशेतात कुणी गेलं नाही. शेजारच्या गावांतून चैत्र-वैशाखात पन्नासच्या वर माणसं गेली. यश कुणाचं यावर लोकांत एकमत झालं नाही. बहुतेकांच्या मते ते देवीचं, कारण कौल तिनं दिला होता. शिवदासनं यावर कधी तोंड उघडलं नाही. त्याच्या डोक्यात ठमाबाई होती. तळीवर एक माणूस ठेवला असता तर, हे तो सोनूबाईला इतक्यांदा बोलला की शेवटी ती चिडून म्हणाली, "मंग आपल्या लेकीवर राखन नको व्हती ठेवायला."

राही वाचली. पोरीला काही झालं नाही. नवव्या दिवशी पाटील स्वतः त्यांना आत घ्यायला आले. राही आईच्या खांद्याला धरून घरी चालत गेली. बापाशी ती बोलली नाही. पुढं नवऱ्यानं तिला मुंबईला नेलं. दोन वर्षं ती माहेरी आली नाही. निरोप यायचे ते आईला.

पुढल्या साली जत्रा पूर्वीसारखी झाली. भंडारा झाला, पालखी पहिली पाटलांच्या दारात गेली. शिवदास नको म्हणाला नाही. त्यालाही ती गर्दी, ते गुलाल माखलेले चेहरे बघून बरं वाटलं होतं. फक्त तीर्थ तो उकळून देई, आणि काही जण ते हसून बाजूला ओतत, हे त्याला दिसे.

तीस सालच्या दिवाळीला राही आली. पोर आता दुडुदुडु धावत होती. शिवदास पडवीत बसून पत्रावळी लावत होता. राही बराच वेळ दारात उभी राहिली, मग येऊन समोर बसली आणि तिनंही पानं घेतली.

"आबा," खाली मान घालूनच ती म्हणाली, "मी तवा घरात आले असते आन वांत्या तितं लागल्या असत्या, तर घर आन वाडी दोन्ही गेली असती. मुंबईत आमच्या चाळीत तसंच झालं एका घरात. सगळं घर गेलं."

शिवदासनं काडी मोडून पानाला टोचली.

"पन मला अजून राग हाय."

"असू दे," शिवदास म्हणाला. "राग ऱ्हाईल. मला चालंल."

अंगणात पोर कोंबडीच्या मागं धावत होती. राहीनं तिला हाक मारून आजोबांच्या मांडीवर आणून बसवलं आणि पत्रावळीला टाका घातला.